गंजाचं पान

भोग उद्या सकाळी होता, आणि दुपार कलली तरी घरात कुणाचं कुणाशी वाजलं नव्हतं, म्हणून निर्मलेच्या जिवाला उगाच हुरहुर लागली होती. वरियामसिंग टाकांच्या घरात चार माणसं जमावीत आणि जेवणं होईपर्यंत शांतता टिकावी, असं तिच्या आठवणीत तरी कधी घडलं नव्हतं. बापू, म्हणजे वरियामसिंग, होते तेव्हा तर नाहीच. बापूंचा आवाज घणापेक्षा मोठा, आणि माय त्यांना पुरून उरायची.

ती आणि तिचे यजमान अजायबसिंग सकाळीच नांदेडहून शहाद्यात उतरले होते. गल्लीच्या तोंडाशी तिने सवयीने कान दिला, पण भात्याचा तो सुस्कारा आता कुठला यायला? भाता माळ्यावर गेला होता आणि त्याच्या जागी विजेचा पंखा घोंघावत होता. मोठा भाऊ निधानसिंग भट्टीपुढे बसून लगाम आणि रिकिबी घडवत होता, कारण सारंगखेड्याची घोड्यांची जत्रा आठ दिवसांवर आली होती. भिंतीशी पुरुषोत्तमनगरच्या ऊसतोडीचे कोयते जुड्या बांधून ठेवले होते. धाकटा मिथुन सुरतेहून आदल्या दिवशीच आला होता. केस कापल्याला त्याला पंधरा वर्षं होऊन गेली, तरी घरात शिरताना तो अजून डोक्याला रुमाल बांधायचा.

अंगणात नूतन, निधानची बायको, उद्याच्या लंगरासाठी भरताची वांगी धूत बसली होती. निर्मला तिच्याजवळ पाट ओढून बसली.

"ताई, तू बठ ना वं नुसती. परवासनी थकेल व्हशी."

"माय कोठे शे?"

"मझारमा. पोथीपाशी."

"आखरी पानं व्हयनात व्हतीन ना आते?"

"व्हयनात व्हतीन," असं म्हणून नूतनने हातातल्या वांग्याचं देठ निरखायला घेतलं. अर्धा मण वांग्यांत त्याच देठात तिला एवढं काय सापडलं होतं कोण जाणे. निर्मलेला ते दिसलं, पण तिने मनावर घेतलं नाही. तिचं मन आज अभिमानाने फुगलेलं होतं, आणि अशा मनात दुसरं काही शिरत नाही.

अभिमान मायचा होता. बापूंनी सहजपाठ धरला होता. सहजपाठाला घाई नसते. ग्रंथसाहिबाची चौदाशे तीस पानं आपल्या सवडीने, रोज थोडी थोडी वाचत जायची, एकही ओळ गाळायची नाही, आणि शेवट गाठला की संगतीला बोलावून भोग घालायचा. पानाला खरं तर पान म्हणू नये, अंग म्हणावं, कारण ते पुस्तक नव्हे, गुरूच. बापू तसं बजावायचे आणि पुढच्याच वाक्यात स्वतः पान म्हणायचे. घरात ग्रंथसाहिब दोन पोथ्यांमध्ये होता. दुसऱ्या पोथीत बरेच आत गेल्यावर बापू आखाडात अंथरुणाला खिळले, ते दसऱ्यानंतर गेलेच. जाताना मायचा हात धरून म्हणाले होते, "बसंत, पाठ अधुरा नको ठेवजो. पूरा कर."

मग मायने, बसंतकौरने, सदुसष्टाव्या वर्षी पोथी हातात घेतली. रोज तीन ओळी. सणावाराला पाच. अकरा वर्षं. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात चार बायका बसल्या की निर्मला ही गोष्ट काढायचीच. अजायबसिंग तर दर रविवारी पोरांना गुरुमुखी शिकवायचे, आणि कुणी कंटाळा केला की त्यांचं ठरलेलं असायचं, "माझ्या सासूबाईंनी म्हातारपणी पाठ धरलाय, शहाद्यात, जिथे धड गुरुमुखी वाचणारी दहा माणसं नाहीत. आणि तुम्हाला दोन ओळींचा कंटाळा?" उद्याच्या भोगाला धुळ्याच्या गुरुद्वाऱ्याचे भाईजी यायचे होते, तेही अजायबसिंगांनी ही गोष्ट सांगितल्यामुळेच.

निर्मलेला स्वतःला मात्र या घरात कुणी अक्षर शिकवलं नव्हतं. बापू शिकवायचे ते मुलांना. पत्र्याच्या तुकड्यावर कोळशाने अक्षर काढायचे आणि निधान-मिथुनला गिरवायला लावायचे, आणि त्या वेळी भात्यावर असायची निर्मला. "पोर सासरे जाई, तठे शिकी लेई," असं म्हणायचे. ती भाता ओढता ओढता मान वाकडी करून पत्र्याकडे बघायची, पण तिच्या बाजूने अक्षरं उलटी दिसायची. गोष्टी सांगताना मात्र बापू भेद करत नसत. सहाव्या गुरूंनी दोन तलवारी बांधल्या, एक राज्याची आणि एक रबाची म्हणजे देवाची, ही गोष्ट तिने शंभरदा तरी ऐकली असेल. दहावे गुरू गोदावरीकाठी आले तेव्हा हत्यारांना शिकल करणारे, म्हणजे धार आणि झिलई देणारे, आपले पूर्वज त्यांच्या मागोमाग आले आणि इकडचेच झाले, हेही बापू अशा थाटात सांगायचे, की जणू स्वतःच बैलगाडी हाकत आले होते. एकदा लहानग्या मिथुनने विचारलं होतं, "बापू, तुम्ही कोणती तलवार करतस? राजनी का रबनी?" बापूंनी हातातलं लोखंड उलटून पाहिलं आणि म्हणाले, "मी इळा करस रे भो. रबना लोकेसले भाकर तं लागीच ना!"

ते आठवून निर्मला एकटीच हसली. नूतनने चहा ओतून दिला. दोन कप घेऊन निर्मला आतल्या खोलीकडे गेली, एक मायचा आणि एक अजायबसिंगांचा. ते मघाशी पुन्हा मत्था टेकायला आत गेले होते.

ते दारातच उभे होते. तिला पाहून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

आत माय पोथीपुढे बसली होती. पाठ दाराकडे, डोक्यावर पांढरी ओढणी. उजव्या हाताचं पहिलं बोट ओळीखालून डावीकडून उजवीकडे सरकत होतं, अगदी हळू, तव्यावरचं पीठ पुसावं तसं. आणि माय म्हणत होती, "वाहेगुरू… वाहेगुरू… वाहेगुरू…" ओळ संपली. बोट पुढच्या ओळीवर गेलं. "वाहेगुरू… वाहेगुरू…"

निर्मलेने पुढची ओळ ऐकली, त्याच्या पुढचीही ऐकली. दुसरा शब्द आलाच नाही. तेव्हा तिला कळलं. मायला वाचता येत नव्हतं. कधीच येत नव्हतं. आणि हे तिला, पोटच्या मुलीला, आजवर कसं सुचलं नाही? ज्या घरात मुलीला शिकवलं नाही, त्या घरात बायकोला कोणी शिकवलं असतं? अकरा वर्षं तिने बढाया मारल्या आणि हा एवढा साधा प्रश्न स्वतःला विचारला नाही. चहा सांडून बोटं भाजली, तरी ती तशीच उभी राहिली.

अजायबसिंग बाहेर आले आणि भट्टीजवळच्या खाटेवर बसले. निधानने पंखा बंद केला. मिथुन हातातला लगाम घासायचा थांबला.

"उद्या भोग घालता येणार नाही," अजायबसिंग म्हणाले. आवाज चढवणारा माणूस नव्हताच तो. "मायजी वाचत नाहीत. ओळींवरून बोट फिरवतात. श्रद्धा आहे, मी नाही म्हणत नाही. पण त्याला पाठ म्हणत नाहीत. गुरूचा शब्द वाचायचा असतो, ऐकायचा असतो, समजून घ्यायचा असतो. तो शिवायचा नसतो."

"मंग आते काय करनं?" निधानने विचारलं.

"भाईजींना फोन करू. नांदेडहून पाठ वाचणारे पाठी बोलावू, अखंड पाठ ठेवू, दोन दिवस. सगळं रीतसर होईल. बापूजींची इच्छाही पूर्ण होईल."

"आन मायनं अकरा वरीस?" मिथुन उठलाच. "ते कोठे गयं? अकरा वरीस ती बठनी तव्हय कोणी उनं नही दखाले!"

"मिथुन, हळू बोल. पाव्हना शेतस त्या."

"तू तं बोलूच नको, भाऊ. बापूनी तुले शिकाडं, माले शिकाडं. पत्रावर गिरीगिरी हात काया व्हये आपला. आते तुले एक वळ तरी वाचता येस का? माले नही येत. बापूनी तुले सांगं नही पूरा कर म्हणून, माले सांगं नही. मायले सांगं."

निधानची मान खाली गेली, पण तो मोठा भाऊ होता आणि उद्या पन्नास माणसं त्याच्या दारात येणार होती. "लोके काय म्हनतीन?" तो पुटपुटला. "धुयाना भाईजीसमोर काय सांगनं? पाव्हना सांगतस तेच खरं शे."

"माले ठाऊक व्हतं," दारातून नूतन म्हणाली. सगळे वळले. "पहिला दिवसपाई ठाऊक व्हतं. रोज सकाये आंगन झाडताना माले आयकू ये. मी कोणले सांगं नही. कसाले सांगू? ती कोणनं काय घी ऱ्हायनी व्हती?"

निधानने बायकोकडे असं पाहिलं, की जणू तिने घर विकायला काढलं होतं. अठरा वर्षांत तिने चारचौघांत त्याच्याविरुद्ध एक शब्द काढला नव्हता. आता खाटेच्या एका बाजूला जावई आणि मोठा भाऊ, दुसऱ्या बाजूला धाकटा आणि मोठी सून, आणि मधे निर्मला, हातात दोन कप घेऊन.

"निर्मला, तू तरी सांग," अजायबसिंग तिला म्हणाले. "तुला कळतं."

तिला कळत होतं, तीच तर पंचाईत होती. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी याच माणसाने दिवसभर काम करून आल्यावर तिला पाटीवर गुरुमुखी शिकवली होती. तिने पहिल्यांदा एक अख्खी ओळ वाचली, तेव्हा दोघंही लहान मुलांसारखी हसली होती. वाचणं म्हणजे काय, हे तिला त्याच दिवशी समजलं होतं, आणि बोट फिरवणं ते नव्हे हेही. पण ते मायबद्दल म्हणायला तिची जीभ रेटेना.

"अहो, तुम्ही म्हणता ते बरोबर आहे," ती म्हणाली. "पण मला ते आवडत नाही."

तेवढ्यात माय बाहेर आली. चष्मा ओढणीला पुसत, भिंतीला हात लावत ती खाटेपर्यंत आली आणि अजायबसिंगांच्या शेजारी बसली. ते उठून उभे राहायला लागले, तर तिने हाताने खाली बसवलं.

"भांडू नका रे. गल्लीपर्यंत आयकू जाई ऱ्हायनं. पाव्हना खरंच सांगी ऱ्हायनात."

"माय!" मिथुन म्हणाला.

"मी वाचं नही. माले वाचता येस कोठे? भोग घाला म्हणून मी सांगं व्हतं का? निर्मलाना फोन उना, मी म्हनं आखरी पान उनं. तुम्हीच नाचाले लागनात." ती जरा हसली. "पन एक सांगस. तुम्हना बापूबी वाचेत नहीत."

कुणाला काही कळलं नाही. बापू वाचायचे, हे तर या घरातलं सर्वांत पक्कं सत्य होतं. दर पहाटे त्यांचा आवाज ऐकत सगळे उठले होते.

"आखरी दोन वरीस," माय म्हणाली. "भट्टीनी आग दखी दखी डोया गयात त्यासना. कोणले सांगू नको म्हनेत. कारागीरना डोया गयात म्हनं तं गिऱ्हाईक येवाव नही. घन मारेत ते अंदाजखाल. आन पोथी उघडेत, तं म्हनेत, 'बसंत, मन्हं बोट धर. वळवर ठेव.' मी त्यासनं बोट धरीसन वळवर ठेवू. वळ सरनी का मी सांगू, 'सरनी.' मंग दुसरी वळ. पाठ येतल्या त्या वळी म्हनेत, नही येतल्या तठे वाहेगुरू म्हनेत. मी दुसरं काय करं? त्या गयात, मंग मन्हं मीच बोट ठेवं."

निधान भट्टीकडे बघत राहिला. त्या दोन वर्षांत बापूंचे घाव चुकायचे, आणि तो त्यांच्यावर चिडायचा. "म्हातारपन उनं तुम्हले, बाजूले बठा," असं एकदा तोंडावर म्हणाला होता. निर्मलेला ते ठाऊक होतं, कारण त्या दिवशी बापूंनी तिला फोन केला होता आणि अर्धा तास फक्त हवापाण्याच्या गप्पा मारल्या होत्या.

निर्मला अजायबसिंगांना तीस वर्षं ओळखत होती. त्यांचा हात कमरेच्या किरपाणीवर गेला होता. ती वरियामसिंगांनी लग्नात स्वतः घडवून दिलेली होती. आणि शहाद्याला आले की ते सर्वांत आधी दुसऱ्या पोथीतल्या एका पानाला मत्था टेकायचे. गंजाचं पान.

त्या पानाची गोष्ट अशी. खूण ठेवायला लोक मोरपीस ठेवतात, रेशमाचा धागा ठेवतात. बापूंनी कढईच्या उरलेल्या तुकड्यातून लोखंडाची बारीक पट्टी ठोकून काढली. माय म्हणाली, गंज चढेल. बापू म्हणाले, हे सरबलोह आहे, शुद्ध लोखंड, गुरूच्या लंगराच्या कढईचं. ह्याला गंज शिवत नाही. त्यावरून दोघांचं दोन दिवस वाजलं होतं. मग बापू आजारी पडले, अख्खा पावसाळा पोथी कुणी उघडली नाही, आणि दसऱ्यानंतर उघडली तर पानावर बोटभर लांब तांबूस डाग. शुद्ध लोखंड शुद्ध मनाने गंजलं होतं. बापूंचा पाठ इथे थांबला, असं सगळे त्या डागाला हात लावून सांगायचे.

"म्हणजे त्या पानापर्यंतही…" अजायबसिंग बोलता बोलता थांबले. "मायजी, बापूजींनी नक्की कुठपर्यंत वाचलं?"

"माले काय ठाऊक? त्यासलेबी ठाऊक नव्हतं. डोया काय एक दिवसमा जातस?"

"व्हयनं! मंग काय ऱ्हायनं?" मिथुन ताठ झाला. "बापूनं चालस, तं मायनंबी चालनं पाहिजे. भोग उद्याच व्हई!"

"चालेल," अजायबसिंग हळूच म्हणाले. "मी कोण नाही म्हणणारा? घालू भोग."

निर्मलेला वाटलं, सुटलो. पण माय मान हलवत होती.

"माले भोग नको."

"आते काय व्हयनं, माय?" निधानने कपाळाला हात लावला.

"माले आयकनं शे." माय सगळ्यांकडे एकेक करून बघत होती. "पाव्हना म्हननात ना, शबद आयकना ऱ्हास, समजना ऱ्हास? अठ्ठ्याहत्तर वरीसनी व्हयनू मी. कितला पाठ दखात, कितला भोग दखात. मन्हा मायना घर, सासरे, नांदेडले, मनमाडले. पन जठे पाठ व्हयना तठे मी चुल्हापाशी. शंभर मानूसनी भाकर कोण थापी? मझार कीर्तन चाले, मी धुमाडामा. आवाज ये, शबद कोठे समजे? परशाद व्हयना का कोणीतरी हातवर ठेई दे. मी आजपर्यंत एकबी पाठ पहिलापाई आखरीपर्यंत आयका नही. ही पोथीमा काय लिखेल शे, ते माले कोणी सांगंच नही."

भट्टीतला एक निखारा तडकला. निर्मला हमसून रडायला लागली. तिने स्वतः तरी कधी सांगितलं होतं? नांदेडला माय यायची, तेव्हा तिला घेऊन ती सरळ लंगरात जायची. "चल माय, सेवा करू." दोघी मिळून रोट्या लाटायच्या, आणि निर्मलेला वाटायचं, आपण मायला किती सुखात ठेवलं.

तिने डोळे पुसले आणि कप खाली ठेवले. मग ती पहिल्यांदाच कुणाकडे न बघता बोलली.

"उद्या आरंभ व्हई. पहिलं पानपाई. मी वाचसु, आन माय आयकी."

"आन भाकरी?" निधानने विचारलं. बिचाऱ्याच्या डोक्यात पन्नास माणसं होती.

"तू थाप," नूतन म्हणाली.

निधान जावयाकडे वळला. आता एवढीच एक आशा होती. पण अजायबसिंग पगडी नीट करत उठले होते. "कढाह प्रसाद मी करीन," ते म्हणाले. "भरीतही जमेल, कुणी सांगितलं तर. निर्मला, चौदाशे तीस पानं आहेत. रोज वीस वाचलीस तरी अडीच महिने जातील."

"मग जातील," ती म्हणाली. "तुम्ही जेवणाचं काय कराल?"

"लंगर आहे की तिथे." त्यांनी पगडीचं टोक खोचलं. "होळीला होला मोहल्ला, त्याच्या आधी येतो. भोगाला. तुला न्यायला नाही, भोगाला."

सकाळी ऊन अंगणात उतरेपर्यंत संगत जमली. धुळ्याचे भाईजी आले, गल्लीतली सगळी घरं आली, वर्षानुवर्षं याच भट्टीवर विळ्यांना धार लावून नेणारे प्रकाशा गावचे म्हातारे रतिलाल पाटील केळीचा घड घेऊन आले. दारातच थबकले. अंगणातल्या चुलीपुढे निधानसिंग दादर जातीच्या ज्वारीची भाकर थापत होता, म्हणजे त्याच्या मते थापत होता. मिथुन वांगी भाजताना स्वतःच्या भुवया भाजून बसला होता. आणि नांदेडचे जावई, बाह्या सरसावून, वरियामसिंगांच्या हातच्या मोठ्या कढईत पीठ, तूप आणि साखर परतत घामाघूम झाले होते.

"आरे, हाई काय शे? बाया कोठे गयात?" रतिलाल म्हणाले.

"मझारमा बठेल शेतस, बाबा. तुम्ही भाकर खाशात ना?" निधान म्हणाला.

"हाई भाकर शे?" रतिलालनी परातीत डोकावून पाहिलं. "खासु. काय करसु?"

आत अजायबसिंगांनी हात धुऊन, संगतीपुढे हात जोडून एवढंच सांगितलं, "मी तुम्हाला भोगाला बोलावलं, पण आज आरंभ आहे. माझ्याकडून चूक झाली. मी सगळीकडे सांगत फिरलो की सासूबाई वाचतात. त्यांनी तसं कधीच म्हटलं नव्हतं." भाईजींनी डोळे मिटून मान डोलावली. मग अजायबसिंग परत चुलीकडे गेले, कारण कढई करपत होती.

निर्मलेने पहिली पोथी उघडली. माय शेजारी बसली होती, अगदी टेकून, चुलीच्या धुराचा वास नसलेली माय. हे निर्मलेला इतकं नवीन होतं, की तिने दोनदा मान वळवून पाहिलं. दुसऱ्या पोथीत, बऱ्याच आत, गंजाचं पान वाट बघत होतं. तिथे पोहोचायला माघ उजाडेल. आणि तिथून पुढे काय लिहिलं आहे, ते या घरातल्या कुणीच अजून नीट ऐकलेलं नव्हतं.

ती वाचायला लागली. आवाज आधी कापला, मग स्थिरावला. तेव्हा तिला दिसलं, की मायचं बोट सवयीने पोथीवर आलं आहे आणि ती वाचते त्या शब्दाखालून हळूहळू चाललं आहे. माय आज काही म्हणत नव्हती. ओठ मिटलेले होते, नुसती ऐकत होती. निर्मला अडखळली की बोट थांबायचं. ती पुढे गेली की तेही पुढे जायचं. असं करत ते ओळीच्या शेवटी, पानाच्या कडेशी आलं.

"सरनी," माय हलकेच म्हणाली.

हा आवाज निर्मलेने आजवर ऐकला नव्हता. भांडणातला नव्हता, चुलीजवळचा नव्हता. दोन वर्षं रोज पहाटे, कुणी उठायच्या आत, माय बापूंशी बोलायची तो हा आवाज होता. निर्मलेला पुढची ओळ दिसेना. तिने डोळे पुसले नाहीत, हात पोथीवर होते. मग मायनेच तिचं बोट धरलं आणि दुसऱ्या ओळीवर नेऊन ठेवलं.